पळस कोणी लावतो का?

फाल्गुन लागला, की पुण्यास आमच्या घरी रंगपंचमीच्या रंगांविषयी मुलांची कुजबूज सुरू होते आणि सासूबाई दरवर्षी एकच वाक्य उच्चारतात : "आमच्याकडे रंग झाडाला येतो." हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आले आहे. माहेरचा अभिमान कोणाला नसतो, असे म्हणून मी ते हसून सोडून देत असे. त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहण्याचा योग मात्र सासूबाईंनी ऐंशी ओलांडल्यावर आला. आणि खरे सांगावयाचे तर तो योग आनंदाचा नव्हता.

सासूबाईंचे माहेर गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या परिसरातील एका खेड्यात आहे. तेथे आता त्यांचे भाचे शेती पाहतात. थोरल्या भाच्याचा माघ महिन्यात फोन आला. तलावाखालचा दोन एकरांचा पडीक तुकडा विकण्याचे ठरत होते. भातगिरणीसाठी जागा हवी असलेले चांगले गिऱ्हाईक आले होते, आणि मुलीला वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळाल्यामुळे त्याला पैशाची निकड होती. जमीन वडिलोपार्जित, म्हणून आत्याची संमती हवी. "कागद घेऊन मीच पुण्यास येतो, तुम्ही दगदग करू नका," असे तो बिचारा परोपरीने सांगत होता; परंतु सासूबाईंनी निक्षून सांगितले, "सही मी जागेवर येऊन करीन." यजमानांना रजा मिळेना, तेव्हा त्यांना घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो. उजाडले तेव्हा बडनेरा मागे पडले होते. खिडकीबाहेर कापूस वेचून झालेली काळी शेते, पऱ्हाट्यांचे ढीग, वाळून पिवळे पडलेले गवत, आणि त्या सगळ्यांवर पहाटेचे धुरकट ऊन. इतक्यात एका ओढ्याच्या काठी पानांचा मागमूस नसलेले, वेड्यावाकड्या फांद्यांचे, परंतु शेंड्यापासून बुंध्यापर्यंत केशरी झालेले एक झाड झर्रकन मागे गेले. मागून दुसरे, मग तिसरे. "सासूबाई, पाहिलेत का?" असे मी म्हणते तो, डोळे मिटून जपमाळ ओढीत बसलेल्या सासूबाई न पाहताच म्हणाल्या, "पळस. आता गोंदियापर्यंत तोच."

पळस आपल्याला ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. परंतु तो आपल्याला बहुधा म्हणीतूनच ठाऊक असतो. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, हे आपण उठता-बसता बोलतो. वास्तविक ती तीन पाने नव्हेत. एकाच लांब देठावर आलेली ती एका पानाची तीन दले होत. शिशिरात ही सारी पाने गळून पडतात, आणि उघड्या फांद्यांवर काळसर मखमली कळ्यांचे झुबके येतात. प्रत्येक कळीतून पोपटाच्या चोचीसारखे बाकदार फूल बाहेर पडते. 'हा पोपट तर नव्हे?' असा प्रश्न ज्यात दडला आहे ते 'किंशुक' हे संस्कृत नाव ह्या फुलालाच मिळाले आहे. त्याला गंध नाही, म्हणून विद्याहीन रूपवान माणसाला त्याची उपमा देऊन जुन्या पंडितांनी त्याला पुष्कळ बोल लावला. मैना, बुलबुल आणि सूर्यपक्षी ह्यांना मात्र तो आक्षेप मान्य नसावा. फुलातील मधासाठी त्यांची दिवसभर एकच गर्दी उसळलेली असते, आणि एका फुलाचा पराग दुसऱ्यास पोचविण्याचे कामही तीच करतात.

ह्या झाडाने आपल्या देशाच्या नकाशावर आपली नावेही सांडून ठेवली आहेत. कर्जतजवळची पळसदरी, ठिकठिकाणची पळसगावे आणि पळश्या ही त्याचीच. ज्या रणांगणावर 1757 साली बंगालचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले, ते पलाशीदेखील पळसावरूनच ओळखले जाऊ लागले. गाव वसविताना जे झाड समोर दिसले त्याचे नाव लोकांनी गावाला दिले. ते झाड मुद्दाम लावावे असे मात्र कोणाच्या मनात आले नसावे. ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही; तिचा उलगडा पुढे झाला.

नागपुरास उतरून आम्ही मोटारीने निघालो. भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडली, लाखनी गेली, आणि साकोलीहून दक्षिणेस वळलो तसा मुलूखच बदलला. कापसाची काळी शेते संपून भाताच्या बांध्या लागल्या, आणि दर दोन-तीन मैलांवर एखादा तलाव चमकू लागला. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेल्या ह्या तलावांमुळे हा सारा प्रदेश तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. आपण ज्याला शेताचा बांध म्हणतो त्यास इकडे 'धुरा' म्हणतात. आणि असा धुरा क्वचितच दिसला, की ज्यावर पळस उभा नाही. पावसाळ्यात महिनोन्‌महिने पायथ्याशी चिखलपाणी साचलेले, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडलेल्या, आणि दोन्ही ऋतूंत हा गडी आपल्या जागी ठाम. काळी जमीन असो, मुरूम असो, खारवट असो, की पाण्याचा निचरा न होणारी असो, त्याला काही वावडे नाही. शेळ्यादेखील त्याच्या पानाला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे कुंपण घालावे अशी त्याची अपेक्षाही नाही.

घरी पोचताच हातपाय धुऊन होतात न होतात तो सासूबाई म्हणाल्या, "आधी जागा पाहू." भाच्याने, आणि ज्याचे बालपण ह्याच घराच्या गोठ्यात गेले अशा एका वृद्ध गड्याने, त्यांना दोन्ही बाजूंनी धरून नेले. तलावाच्या पाळीखाली तो तुकडा होता. तेथे साठ-सत्तर पळस तरी असतील. काही जुने, गाठाळ बुंध्यांचे, काही काठीएवढे. खाली फुलांचा इतका सडा पडला होता, की पाऊल टाकावयास संकोच वाटावा. सासूबाई एका बुंध्याला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. भाच्याने आपण होऊनच विषय काढला. तो म्हणाला, "आत्या, ह्या जागेत कधी काही पिकले नाही. नुसता पळस." त्याच्या स्वरात क्षमायाचना होती. त्याचे काही चुकले होते असे मलाही वाटले नाही.

गड्याच्या बोलण्यात 'ळ'चा 'र' होतो. त्याच्या लेखी हे झाड 'परस'. मी त्याला विचारले, "तोडलेला पळस पुन्हा फुटतो म्हणतात, ते खरे का?" तो हसून म्हणाला, "कुऱ्हाडीनं परस मरत नाई, बाई. तोडला का दुप्पट येते. मुळातूनच कोंब फुटते. पन मशिनीनं मुळासकट उपटला, तं मरते."

"नुसता पळस" हे शब्द माझ्या मनात घोळत राहिले. त्या दोन दिवसांत मी सहज म्हणून ह्या झाडाचा घरातील हिशेब मांडू लागले, आणि तो काही केल्या संपेना. भाच्याची पत्नी मोठी हौशी. तिने कोठीतून पत्रावळींचा एक जुना गठ्ठा काढून दाखविला. उन्हाळ्यात नवी पालवी जून झाली, की पाने खुडावयाची, सुकवून वजनाखाली दाबून ठेवावयाची, आणि लागतील तेव्हा पाण्याने नरम करून बांबूच्या बारीक काड्यांनी टाचावयाची. तिच्या लग्नात पाचशे पान ह्याच पत्रावळींवर उठले होते. पुढे चकचकीत कागदी आणि थर्माकोलची ताटे आली. 2018 साली सरकारने प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली खरी; परंतु तोपर्यंत पाने टाचणारे हात बहुतेक घरांतून नाहीसे झाले होते.

रंगाची कृती सासूबाईंनी स्वतः सांगितली. झाडाखाली पडलेली स्वच्छ फुले वेचून सावलीत वाळवावी, रात्रभर पाण्यात भिजत घालून सकाळी उकळावी, आणि पाणी गाळून घ्यावे. पिवळाधमक रंग मिळतो. त्यात चिमूटभर चुना घातला, की तोच गडद केशरी होतो. आम्ही तो करून पाहिला, आणि "रंग झाडाला येतो" ह्या वाक्यावर तीस वर्षे हसल्याबद्दल मी मनोमन सासूबाईंची क्षमा मागितली.

सालीला खाच पाडली, की लालभडक रस पाझरतो. त्याचे वाळलेले खडे म्हणजे बाळंतिणीच्या खाऊत पडणारा कमरकस. चपट्या शेंगेच्या टोकाशी जे एकुलते एक बी असते ती पळसपापडी. जंतांवर ती वैद्यांच्या सल्ल्याने देतात. मुळांच्या सालीचा वाख निघतो. त्याचे दोर होतात आणि घराला चुना देण्याचे कुंचलेही होतात. पोळ्याला ह्याच्या डहाळ्या इकडे दाराशी लावतात. कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे चढवून लाखेचे पीक घेण्याची रीत ह्या भागात जुनी आहे. पळसावरच्या ह्या लाखेला 'रंगीनी' म्हणतात, आणि ह्या धंद्याचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली एक खास संस्थाच स्थापन झाली. बायकांच्या हातातील लाखेच्या बांगड्या आणि टपालाच्या पिशव्यांवरील मोहोर ह्यांचे मूळ अशा एखाद्या धुऱ्यावरच्या झाडात असू शकते.

आणि आपल्या घरांतील धर्मकृत्ये तर ह्याच्यावाचून अडतात. होमाच्या समिधा ह्याच्या. मुंजीत बटूच्या हाती दंड देतात तोही ह्याचाच. मनुस्मृतीने ब्राह्मण बटूस बेलाचा किंवा पळसाचा दंड सांगितला आहे. माझ्या मुलाच्या मुंजीत तो दंड गुरुजींनी पिशवीतून आणला होता. तो कोठल्या झाडाचा, ते झाड कोठे उभे आहे, हे विचारण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

पळसाचा आणखी एक उपयोग त्या रात्री ओसरीवर कळला, आणि तो ऐकल्यावर सासूबाई सहीसाठी एवढ्या लांब का आल्या ह्याचा उलगडा झाला.

सासूबाईंचे धाकटे काका रंगूनला एका कचेरीत कारकून होते. 1941 च्या डिसेंबरात रंगूनवर बाँब पडले, आणि पुढल्या मार्चात ते शहर जपान्यांच्या हाती गेले. हजारो हिंदी माणसे डोंगर-जंगलांतून पायी आसामकडे आणि मणिपूरकडे निघाली. त्यांतील कितीतरी वाटेतच राहिली. काकांचे शेवटचे पत्र 1942 च्या जानेवारीतले. त्यानंतर काही नाही. काकू तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. शास्त्राप्रमाणे बारा वर्षे वाट पाहिली गेली. ती बारा वर्षे त्या कुंकू लावीत होत्या, वडाला फेऱ्या घालीत होत्या, आणि टपालवाल्याची सायकल दिसली की पदर सावरून दाराशी येत होत्या. 1954 साली घरातील वडील मंडळींनी शास्त्रार्थ विचारून पालाशविधी करावयाचे ठरविले. ज्याचा देह सापडला नाही, त्याची प्रतिमा पळसाच्या देठांची करतात, आणि तिला अग्नी देतात. त्यास तीनशे साठ देठ लागतात.

"मी चौदा वर्षांची होते," सासूबाई म्हणाल्या. "पाने आणण्याचे काम आम्हा मुलांकडे होते. ह्याच जागेतून आणली. मोजण्याचे काम माझ्याकडे. मी तीनशे साठ मोजले, आणि एक देठ परकराच्या ओच्यात लपविला. मला वाटले, एक कमी पडला तर काकांना जाळता येणार नाही."

ओसरीवर कोणी काही बोलेना. थोड्या वेळाने भाच्यानेच विचारले, "मग?"

"मग काय? गुरुजींनी पुन्हा मोजले. एक कमी भरला. म्हणाले, पोरी, धाव, आणखी एक घेऊन ये. ओच्यातला काढून द्यावयाचा धीर झाला नाही, म्हणून मी इथे धावत आले आणि नवा तोडून नेला."

काकू त्यानंतर चाळीस वर्षे त्या घरात होत्या. पळसाच्या पत्रावळीवर त्या कधी जेवल्या नाहीत. कोणी विचारले, तर एवढेच म्हणत, "मला केळीचे पान बरे वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्या पळसांखाली खुर्ची मागविली, आणि संमतीच्या कागदावर स्वच्छ अक्षरांत सही केली. भाचा चकित झाला. रात्रीच्या गोष्टीनंतर आत्या नकार देईल, अशी त्याची खात्रीच झाली होती. किंबहुना तो पर्यायी कर्जाची भाषाही बोलू लागला होता. सासूबाई म्हणाल्या, "पोरीचे शिक्षण अडता कामा नये. झाडांसाठी माणसे अडवून ठेवणारी मी नव्हे. पण माझे एक काम कर. ज्येष्ठात ह्यांच्या शेंगा वेच, आणि आपल्या भाताच्या धुऱ्यावर पळस लाव."

"पळस कोणी लावतो का, आत्या?" भाचा हसू लागला. "तो आपोआप येतो."

"आजवर आपोआप आला, कारण अशी पडीक जागा होती," सासूबाई म्हणाल्या. "ती आता राहत नाही."

प्रवासात गावांच्या नावांवरून मनात आलेल्या गोष्टीचा अर्थ मला त्या क्षणी कळला. आपण वड-पिंपळाला पार बांधले, तुळशीला वृंदावन केले, आंब्याची कलमे जपली. पळसाकडून मात्र जन्मापासून मरणापर्यंत सारे घेतले, आणि त्याला कधी ओंजळभर पाणी घातले नाही. कारण त्याने ते मागितले नाही. जो काही मागत नाही तो कायमचाच आहे, असे घरातील माणसांविषयीही आपण गृहीत धरतो.

लावणीसंबंधी त्या गड्याकडून आणि इतर जाणत्यांकडून जे कळले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देते. शेंगा उन्हाळ्याच्या अखेरीस पिकून तपकिरी होतात. बी फार काळ टिकत नाही; पुढील वर्षासाठी डब्यात जपून ठेवणे व्यर्थ होय. त्याच मोसमात, पहिल्या पावसाच्या सुमारास, ते जेथे झाड हवे तेथेच पेरावे. ह्याचे सोटमूळ लवकर खोल जाते; त्यामुळे कुंडीत अगर पिशवीत वाढवून मागाहून हलविलेले रोप पुष्कळदा दगावते. जागा उन्हाची असावी. पहिली दोन-तीन वर्षे भोवतालचे गवत काढावे. खतपाण्याची कटकट नाही. जुने झाड जवळ असेल, तर त्याच्या मुळांतून फुटलेले कोंब राखले तरी चालतात. मात्र वाढ अतिशय सावकाश. लावणाऱ्याने फुलांची घाई करू नये. लावावा एकाने आणि बहर पाहावा पुढल्याने, असा हा वृक्ष आहे. म्हणून ज्या घरांत आजी आणि नातवंडे एका छपराखाली नांदतात, त्यांनीच तो अगत्याने लावावा असे मला वाटते. शहरातील बिऱ्हाडात त्याला जागा नाही हे खरे. परंतु गावी ज्यांची शेते, वाडे किंवा देवस्थानच्या जमिनी आहेत अशी कुटुंबे आपल्या वाचकांत थोडी नसतील.

ज्येष्ठात भाच्याचा फोन आला. मशीन येण्यापूर्वी त्याने टोपलीभर शेंगा वेचून ठेवल्या होत्या, आणि गड्याच्या सल्ल्याने धुऱ्यावर एकवीस ठिकाणी बी पेरले होते. मुलगी सुट्टीत घरी आली होती. तिनेच खड्डे केले म्हणे. श्रावणात कळले, की तेरा उगवली. पहिल्या उन्हाळ्यात त्यांतील चार गेली. नऊ राहिली आहेत, आणि ह्या वर्षी त्यांनी दुसरा पावसाळा पाहिला. उंची अजून वीतभरच. तलावाखालच्या जागी आता गिरणीची भिंत उभी आहे.

सासूबाईंना हल्ली ऐकू कमी येते. तरी भाच्याचा फोन आला, की त्या तो माझ्या हातातून मागून घेतात, आणि सर्वांची खुशाली विचारून झाल्यावर मोठ्याने विचारतात, "पाने किती?"

पलीकडून भाचा दरवेळी तितक्याच मोठ्याने उत्तर देतो, "तीनच, आत्या!"

त्यावर त्या मान डोलावतात आणि फोन मला परत देतात.